क्रिकेटवीर पालवणकर बाळू

क्रिकेटचे नाव निघाले की विजय हजारे, विजय मर्चंट, सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर ही नावे आमच्या विद्यार्थ्यांच्या ओठांवर आपोआप येतात. कोणत्या सामन्यात कोणी किती धावा काढल्या आणि कोणी किती गडी बाद केले, हे कित्येकांना पाढ्यांप्रमाणे पाठ असते. परंतु या सर्वांच्या पुष्कळ आधी, भारताचा संघ पहिल्या कसोटी सामन्यासाठी मैदानात उतरण्यापूर्वी एक संपूर्ण पिढी, महाराष्ट्रात एक असामान्य गोलंदाज होऊन गेला. त्याच्या संथ, वळणाऱ्या चेंडूने पुण्यामुंबईतील गोऱ्या साहेबांना आणि इंग्लंडमधील नामांकित फलंदाजांनाही विचारात पाडले. तरीही त्याचे नाव विचारले असता दहांपैकी नऊ घरांत उत्तर मिळणार नाही. ते नाव पालवणकर बाळू. त्यांचेच चरित्र या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हे चरित्र निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण खेळाचे. बाळू हे आपल्या देशाचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज मानले जातात. दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. बाळू ज्या समाजात जन्मले, त्या समाजाच्या माणसाचा स्पर्शही त्या काळी विटाळ मानला जात असे. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू अकराही खेळाडूंच्या हातांतून फिरे. मैदानाबाहेर मात्र त्यांच्या चहाचा पेला वेगळा ठेवला जाई. ज्या माणसाच्या बळावर सामना जिंकायचा, त्याला आपल्या पंक्तीला बसवायचे नाही, असा तो काळ होता. त्या काळात हा पुरुष कसा वाढला, कसा खेळला आणि त्याच्या वाट्याला मान किती आला, हे प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घेण्यासारखे आहे.

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. कोकणातील पालवण हे त्यांच्या घराण्याचे मूळ गाव. त्यावरूनच पालवणकर हे आडनाव आले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंबाचे वास्तव्य पुढे पुण्यास झाले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे हे चार भाऊ. चौघांनीही पुढे क्रिकेटमध्ये नाव मिळविले. एका गरीब घरातील चार भावांनी हिंदूंच्या निवडक संघाकडून खेळण्याचा मान मिळवावा, ही गोष्ट आमच्या क्रीडेतिहासात विरळाच म्हटली पाहिजे.

त्यांना खेळाचे शिक्षण कोणी दिले? उत्तर असे की, कोणीही दिले नाही. पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या फळ्या आणि झिजलेले चेंडू या मुलांच्या हाती लागत, आणि त्यांवरच त्यांचा सराव चाले. शाळेचा मार्ग लवकरच बंद झाला, कारण घरी चार पैशांची गरज होती. बाळूंनी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात नोकरी धरली. खेळपट्टी झाडावी, तिच्यावर रोलर फिरवावा आणि एखाद्या सभासदास सराव हवा असेल तेव्हा त्यास चेंडू टाकावे, असे कामाचे स्वरूप होते. वेतन महिना तीन रुपये.

१८९२ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, ते युरोपियनांच्या पुणे क्लबात कामास लागले. तेथेही काम तेच. खेळपट्टी तयार करणे, सरावाची जाळी उभारणे, टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेघा ओढणे. वेतनात एका रुपयाची वाढ झाली. पण या क्लबातच त्यांच्या आयुष्याला वळण लागले. तेथील एका साहेबाच्या प्रोत्साहनाने ते जाळीत नियमितपणे गोलंदाजी करू लागले आणि हा मुलगा साधा नोकर नाही, हे थोड्याच दिवसांत सर्वांच्या ध्यानी आले.

त्या क्लबातील सर्वांत पटाईत फलंदाज म्हणजे जॉन ग्लेनी ग्रेग. जॉन ग्लेनीचा अपभ्रंश करून आपले लोक त्यांना गमतीने ‘जंगली’ म्हणत. हे ग्रेगसाहेब इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्याकडूनही खेळलेले. इतर सभासद येण्याच्या आधी तासभर ते मैदानावर हजर होत आणि बाळूंच्या चेंडूंवर सराव करीत. प्रत्येक वेळी बाद झाल्यावर ते बाळूंना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. महिना चार रुपये मिळविणाऱ्या मुलास आठ आण्यांचे मोल किती वाटत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. ग्रेग यांच्या फलंदाजीस त्या सरावाने धार आली, आणि बाळूंच्या गोलंदाजीसही आली. मात्र एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. त्या क्लबात बाळूंनी अक्षरशः हजारो चेंडू टाकले, पण हातात फळी घेण्याची संधी त्यांना कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजी हे नोकराचे श्रम, अशीच तेथील वाटणी होती.

बाळूंच्या गोलंदाजीचे स्वरूप थोडे समजून घेऊ. ते डावखुरे होते आणि संथ गोलंदाजी करीत. डावखुऱ्या गोलंदाजाने बोटांनी फिरविलेला चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर, त्याच्या फळीच्या बाहेरच्या कडेकडे वळतो. फलंदाज पुढे सरसावला तर यष्टिचीत होण्याचे भय, मागे राहिला तर झेल उडण्याचे भय. परंतु केवळ वळणाऱ्या चेंडूने चांगला फलंदाज फसत नाही. त्यासाठी चेंडूची उंची, वेग आणि टप्पा यांत क्षणोक्षणी बदल करावा लागतो, आणि तोही असा की हाताची हालचाल पाहून तो ओळखू येऊ नये. बाळूंना हे साधले होते. पुढे जाणकार मंडळी त्यांची तुलना इंग्लंडचे विख्यात डावखुरे गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी करू लागली. ऱ्होड्स यांच्यामागे यॉर्कशायरसारखा बलाढ्य संघ उभा होता. बाळूंच्या मागे होता तो क्लबाच्या जाळीतील वर्षानुवर्षांचा एकाकी सराव.

पुण्यातील हिंदू खेळाडूंना त्याच सुमारास गोऱ्यांच्या संघास आव्हान देण्याची ईर्ष्या उत्पन्न झाली. गोऱ्यांच्याच क्लबात एक अपूर्व गोलंदाज राबतो आहे, ही वार्ता त्यांच्या कानी होती. त्याला संघात घ्यावे की न घ्यावे, यावर बराच वाद झाला. घेतला तर सामना जिंकता येतो, पण जातीचे बंधन मोडते. न घेतला तर बंधन राहते, पण विजय दुरावतो. अखेर विजयाच्या इच्छेने बंधनावर मात केली आणि बाळू हिंदूंच्या संघात आले.

पण ही मात अर्धीच होती. खेळ चालू असता सर्वजण त्यांच्या हातचा चेंडू झेलीत. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. ते भांडे नंतर फोडून टाकीत. जेवणाच्या वेळी त्यांचे ताट आणि मेज दोन्ही निराळी असत. तोंड धुण्यास पाणी हवे असेल तर अस्पृश्य मानलेल्या नोकराने ते एका कोपऱ्यात नेऊन द्यावे. सकाळभर गोलंदाजी करून दमलेल्या त्या तरुणाने ते मातीचे भांडे हाती घेऊन एकट्याने उभे राहावे, हे दृश्य आज मनापुढे आणले तरी आपली मान खाली जाते. बाळूंनी त्याविषयी त्या वेळी काही तक्रार केल्याचे आढळत नाही. चहा संपला की ते पुन्हा मैदानात जात आणि चेंडू हाती घेत.

त्यांच्या गोलंदाजीने पुण्याच्या हिंदू संघास एकामागून एक विजय मिळवून दिले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धचा सामना तर विशेष गाजला. बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून तेथील खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून ती टणक करण्यात आली होती. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि सामना हिंदूंनी जिंकला. बालपणापासून ज्याने स्वतः रोलर ओढला, त्याला खेळपट्टीचा स्वभाव दुसऱ्या कोणी शिकवावा लागणार नव्हता! या विजयानंतर पुण्यात बाळूंचे कौतुक झाले. त्यांच्यासह खेळता येते तर त्यांच्यासह चहा व अन्न घेण्यास अडचण कसली, अशा आशयाची कानउघाडणी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी संघातील मंडळींना केली, असे सांगितले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईस आले. मुंबईत मरीन लाइन्सच्या समुद्रकाठी परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना नव्याने उभा राहिला होता. तेथेही त्यांच्या प्रवेशास काही सभासदांनी विरोध केला, परंतु गुणग्राहक मंडळींचे मत वरचढ ठरले. पोटासाठी त्यांनी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत, म्हणजे मुंबई-बडोदे मार्गाच्या कंपनीत, नोकरी धरली आणि त्या कंपनीच्या संघाकडूनही ते खेळू लागले. आमच्या सुरतकरांना या नावाचे अगत्य वाटावे. मुंबईहून सुरतेस येणारी गाडी त्याच कंपनीची होती, आणि सुरतेहून खानदेशाकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्गही तीच कंपनी चालवीत असे. आज डिंडोलीत नांदणाऱ्या कित्येक कुटुंबांचे वडीलधारे त्याच मार्गाने आपले बिऱ्हाड घेऊन येथे आले. बाळूही असेच पोटामागे गाव सोडून निघालेल्यांपैकी एक होते.

१९०६ सालच्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. त्या काळी क्रिकेटचे मोठे सामने धर्म आणि वंश यांनुसार होत. पारशी व युरोपियन यांचे सामने आधीपासून चालू होते. आता हिंदू त्यांत उतरले. या सामन्यात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंचे गडी १६० धावांत बाद झाले आणि युरोपियनांपुढे २१२ धावांचे लक्ष्य आले. हे लक्ष्य अशक्य मुळीच नव्हते. पण बाळूंच्या फिरकीपुढे त्यांचा डाव १०२ धावांत आटोपला आणि हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळविला. पुढील वर्षीही हिंदूंनी युरोपियनांना हरविले.

ज्यांचे राज्य, त्यांच्याच खेळात त्यांना हरविल्याचा आनंद देशभर झाला. या विजयाकडे सर्वांत वेगळ्या नजरेने पाहिले ते मुंबईच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या समाजसुधारणावादी पत्राने. या पत्राच्या मते हा विजय गोऱ्यांवर तर होताच, त्याहूनही तो आपल्याच जुन्या रूढीवर होता. जातीचा विचार बाजूस ठेवून बाळू व शिवराम यांना संघात घेतले, म्हणून हा दिवस दिसला. पुण्यात सुरू झालेला मातीच्या भांड्याचा प्रकार मुंबईच्या जिमखान्यात मागे पडला आणि हे बंधू इतरांच्या बरोबरीने जेवू लागले. सभा आणि व्याख्याने यांनी जे सहजी घडत नव्हते, ते खेळाच्या मैदानाने घडवून आणले, असा त्या पत्राचा अभिप्राय होता.

१९११ साली बाळूंच्या कीर्तीने कळस गाठला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताचा निवडक संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला. त्यात पारशी, हिंदू व मुसलमान खेळाडू होते आणि बाळू व शिवराम यांचीही निवड झाली होती. संघाचे कर्णधार असलेल्या महाराजांनी तेव्हा विशीही ओलांडली नव्हती. पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचा तो उन्हाळा होता. मेजवान्या आणि समारंभ यांत महाराजांचा बराच वेळ गेला आणि ते थोड्याच सामन्यांत खेळले. मिस्त्री यांच्यासारखा उत्तम फलंदाजही त्यांच्या तैनातीत अडकून पडला. थंड, ओलसर हवा, अपरिचित खेळपट्ट्या आणि एकापाठोपाठ एक सामने. पहिले कित्येक सामने संघ हरला.

अशा स्थितीत गोलंदाजीचा सारा भार पस्तीस वर्षांच्या बाळूंनी आपल्या डाव्या खांद्यावर पेलला. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध एकाच डावात १०३ धावा देऊन त्यांनी आठ गडी बाद केले. ती त्यांच्या प्रथम श्रेणीच्या खेळातील सर्वोत्तम कामगिरी ठरली. लीस्टरशायरविरुद्ध त्यांनी सामन्यात अकरा गडी बाद केले आणि संघास एका परगण्याविरुद्धचा पहिला विजय मिळाला. त्यानंतर सॉमरसेटविरुद्ध अटीतटीच्या लढतीत शिवराम यांनी शतक ठोकले आणि केवळ एक गडी राखून भारतीय संघ विजयी झाला. सबंध दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले आणि प्रत्येक गड्यामागे सरासरी १८.८४ धावा दिल्या. त्या संघाने हरलेल्या सामन्यांची संख्या जिंकलेल्यांच्या दुपटीहून अधिक होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा खरा अर्थ कळतो. इंग्लंडमधील काही परगण्यांच्या संघांनी त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून ठेवून घेण्याची इच्छा दर्शविली, असेही सांगतात. बाळू मायदेशी परतले.

मुंबईत त्यांचे जोरदार स्वागत झाले. अस्पृश्य मानलेल्या समाजाने त्यांचा स्वतंत्र सत्कार केला. त्या प्रसंगी मानपत्र सिद्ध करण्यात एल्फिन्स्टन कॉलेजातील एका विद्यार्थ्याने पुढाकार घेतला, असे बाळूंचे चरित्र लिहिणारे नमूद करतात. वीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याचे नाव होते भीमराव आंबेडकर. ज्या समाजाला विद्येची व सत्तेची दारे बंद होती, त्या समाजातील मुलांना त्या वेळी अभिमानाने दाखविता येईल असा एकच मोठा पुरुष होता आणि तो क्रिकेटपटू होता.

एवढी थोरवी सिद्ध झाल्यावर हिंदूंच्या संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे यावे, अशी अपेक्षा कोणीही करील. १९१२ पासून मुसलमानांचा संघही सामील झाल्यामुळे मुंबईचे सामने चौरंगी झाले होते आणि त्यांस देशभर महत्त्व आले होते. अनुभव, ज्येष्ठत्व आणि कौशल्य यांपैकी कोणतीही कसोटी लावली तरी बाळूंचे नाव प्रथम येई. तरीही ते कर्णधार झाले नाहीत. तो मान वर्षानुवर्षे एम. डी. पै यांस मिळाला. पै हे मोठ्या मनाचे गृहस्थ होते. कर्णधार झाल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला तेव्हा त्यांनी स्वतःच सर्वांसमक्ष बोलून दाखविले की, हा मान वस्तुतः बाळूंचा होता. त्यांच्या या प्रांजळपणास आम्ही वंदन करतो. पण निवड करणाऱ्यांवर त्याचा परिणाम झाला नाही. संघात स्थान, पंक्तीत पान, येथवर रूढी मागे हटली होती. अस्पृश्याच्या आज्ञेत उच्चवर्णीयांनी मैदानात उभे राहावे, हे मात्र तिला अद्याप सोसत नव्हते.

हा प्रश्न १९२० साली उघडपणे पेटला. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत पहिल्या लढतीसाठी पै उपलब्ध नव्हते. चव्वेचाळीस वर्षांचे बाळू यांना संघातून वगळण्यात आले. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे त्या वेळी हिंदूंचे प्रमुख फलंदाज होते. तेव्हा नेतृत्व त्यांच्याकडे येणे स्वाभाविक होते. निवड झाली ती पुण्याचे दि. ब. देवधर यांची. देवधर हे पुढे महाराष्ट्राच्या क्रिकेटचे भूषण ठरले. त्यांच्या गुणांविषयी कोणास शंका नव्हती. परंतु विठ्ठल त्यांना ज्येष्ठ होते, आणि त्यांना डावलण्याचे कारण उघड होते. तेव्हा विठ्ठल व शिवराम या दोघा बंधूंनी संघातून माघार घेतली आणि जाहीर निवेदन काढून त्याचे कारणही सांगितले. गुणांनी श्रेष्ठ असलेल्याच्या हाताखाली खेळण्यास आमची हरकत नाही, परंतु केवळ जातीवरून डावलणे हा आमचा व आमच्या समाजाचा अपमान आहे, असा त्या निवेदनाचा भाव होता.

वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. लोकमत या बंधूंच्या बाजूने वळले आणि जिमखान्यास नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यात पै परत आले, बंधूंनीही माघार मागे घेतली आणि बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले. त्या सामन्यात पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघाचे नेतृत्व बाळूंच्या हाती आले. वीस वर्षे ज्यांनी या संघासाठी घाम गाळला, त्यांच्या वाट्यास आलेले नेतृत्व ते एवढेच. त्यांचा मोठा सामनाही तो अखेरचाच ठरला. त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ बळी नोंदलेले आहेत. प्रत्येक बळीस सरासरी १५.२१ धावा.

परंतु त्यांनी पाडलेली वाट पुढे खुली झाली. १९२३ साली विठ्ठल हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. अंतिम विजयानंतर जातीपातीचा विचार न करता लोकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. ज्या घरातील थोरल्या भावास मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळाला, त्याच घरातील धाकट्या भावाचे हे भाग्य! मध्ये साधारण तीस वर्षे गेली होती. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले.

खेळ थांबल्यानंतर बाळूंनी सार्वजनिक कार्यात लक्ष घातले. १९३२ साली गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले. अस्पृश्य वर्गासाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत की संयुक्त, हा तेव्हाचा कळीचा प्रश्न होता. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. २४ सप्टेंबर रोजी झालेल्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत डॉ. आंबेडकरांबरोबर बाळूंचेही नाव आहे. स्वतंत्र मतदारसंघ गेले, पण प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या.

या दोघांचे मार्ग पुढे निराळे झाले. १९३३ साली बाळू हिंदू महासभेच्या वतीने मुंबई नगरपालिकेच्या निवडणुकीस उभे राहिले आणि हरले. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना उभे केले ते थेट डॉ. आंबेडकरांच्याविरुद्ध. ज्या तरुणाने एकेकाळी त्यांचा गौरव केला, तोच आता प्रतिस्पर्धी होता. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. आंबेडकर विजयी झाले. हिंदू समाजात राहूनच आपल्या बांधवांची उन्नती व्हावी असे बाळूंना वाटे. त्यासाठी स्वतंत्र राजकीय शक्ती उभी केली पाहिजे, असे आंबेडकरांचे मत होते. दोघांनीही एकाच अन्यायाचा चटका सोसला होता आणि दोघांचेही ध्येय एकच होते. मार्ग कोणाचा बरोबर, याचा निवाडा इतिहास करीतच आहे. आम्हास एवढेच सांगावयाचे आहे की, निवडणुकीतील पराभवामुळे बाळूंच्या कार्याचे मोल उणे होत नाही.

भारताने १९३२ साली इंग्लंडमध्ये आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. कसोटीपटू हे बिरुद त्यांना लाभले नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे नाव हळूहळू विस्मृतीत गेले. २००२ साली इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या आपल्या इतिहासात त्यांचे चरित्र सविस्तर मांडले, तेव्हा कोठे अनेकांस या पुरुषाची ओळख नव्याने झाली.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. तीन रुपयांच्या नोकरीत खेळपट्टी झाडणारा मुलगा देशातील श्रेष्ठ गोलंदाज झाला, तो अविरत सरावाने. साधने नाहीत, मार्गदर्शक नाही, वेळ नाही, अशा सबबी सांगणाऱ्यांनी पुणे क्लबातील ती जाळी आठवावी. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील यंत्रमागाच्या वा गिरणीच्या पाळ्या करून मुलांस शाळेत पाठवितात. त्यांच्या घरी साधनांची समृद्धी नसेलही. पण बाळूंच्या घरी याहूनही कमी होती.

तथापि केवळ बाळूंच्या परिश्रमाचे गोडवे गाऊन थांबणे आम्हास पुरेसे वाटत नाही. परिश्रमात ते कोठेच कमी पडले नाहीत. कमी पडले ते त्यांच्या भोवतालचे लोक. बाळूंचे चेंडू हवे होते तेव्हा त्यांना बोलावले गेले आणि मान देण्याची वेळ आली तेव्हा त्यांची जात आठवली. त्या कर्तबगार माणसाची उमेदीची वर्षे यात खर्ची पडली, आणि तो तोटा त्यांचा एकट्याचा नव्हता, साऱ्या संघाचा होता. म्हणून आम्हास वाटते की, या चरित्राने आपल्याला बाळूंविषयी जितके विचारात पाडावे, तितकेच त्यांच्या सोबत्यांविषयीही पाडावे.

आपल्या डिंडोलीत खानदेशातून आलेली मुले आहेत, देशावरची आहेत, गुजराती, उडिया आणि उत्तर हिंदुस्थानी शेजारी आहेत. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या जागेत यष्ट्या रोवल्या जातात आणि संघ पाडले जातात. त्या वेळी कोणास शेवटी निवडले जाते, कोणास नेहमी केवळ चेंडू आणण्यास धाडले जाते, मधल्या सुट्टीत कोणाचा डबा बाजूला उघडतो, याकडे आपण प्रत्येकाने लक्ष द्यावे. जो उत्तम खेळतो त्यास नेतृत्व मिळावे, आणि ज्यास अद्याप खेळता येत नाही त्यासही आपल्या शेजारी बसून पाणी पिता यावे. पै यांच्याप्रमाणे दुसऱ्याचा मान दुसऱ्यास देण्याचे धैर्य आपल्या अंगी यावे. पालवणकर बाळू यांचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग आम्हास दिसत नाही.